काश्मीर खोऱ्यातली माती आणि शेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी शाखेचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, केशर लावून बघायची इच्छा असलेले शेतकरी आणि काश्मीरला निघालेले प्रवासी यांच्या मनात येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं सविस्तर लिहिलं आहे.

काश्मीर खोऱ्यात मातीचे मुख्य प्रकार कोणते?

पाठ्यपुस्तकातली यादी अशी असते: नदीकाठची गाळाची माती, करेव्यांची माती, दलदलीची काळपट माती, डोंगरउतारावरची तपकिरी वनमाती आणि उंच कुरणांची माती. यादी बरोबर आहे, पण ती पाठ करण्याआधी खोऱ्याची रचना समजून घेतली तर ती पाठ करावीच लागत नाही.

खोरं सुमारे १३५ किलोमीटर लांब आणि ३२ किलोमीटर रुंद आहे. तळ समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर. नैऋत्येला पीर पंजाल, ईशान्येला हिमालयाची मुख्य रांग. वेरीनागला उगम पावलेली झेलम, म्हणजे काश्मिरी माणसाची व्यथ, खोऱ्याच्या मधून संथ वाहते, वुलर सरोवरात शिरते आणि बारामुल्लाच्या अरुंद वाटेनं बाहेर पडते. नदीच्या काठापासून डोंगराकडे चालायला लागलात की आधी ओलसर दलदल लागते, मग भाताची सपाट खाचरं, मग एकदम उठलेली सपाट माथ्याची पठारं, त्यांच्या मागे कोरडवाहू मक्याचा पट्टा, आणि शेवटी जंगल व कुरणं. प्रत्येक टप्प्यावर माती बदलते, पाण्याची सोय बदलते आणि पीक बदलतं. जमीन किती उंचीवर आहे आणि तिथलं पाणी कुठून येतं, कुठं जातं, एवढं कळलं की काश्मीरची निम्मी शेती कळली.

करेवा म्हणजे काय? तो कसा तयार झाला?

करेवा हे सपाट माथ्याचं, कडेला उभे कापलेले कडे असलेलं पठार. काश्मिरी भाषेत त्याला वुडर म्हणतात. पांपोर, अवंतीपोरा, मट्टन, पट्टण, पुलवामा, बडगाम या भागांत करेवे ठळक दिसतात. श्रीनगरचा विमानतळसुद्धा दामोदर करेव्यावरच आहे. म्हणजे विमानानं जाणारा प्रत्येक प्रवासी काश्मीरच्या जमिनीला पहिला पाय लावतो तो करेव्यावर.

पीर पंजालची रांग उचलली जाऊ लागली तेव्हा खोऱ्यातल्या पाण्याची वाट अडली आणि तिथं एक मोठं सरोवर तयार झालं. सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वीपासून त्या सरोवरात दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून गाळ, वाळू, चिकणमाती आणि गोटे येऊन साचत राहिले. थरांची एकूण जाडी हजार मीटरच्या पुढे जाते. काही थरांत लिग्नाइट (तपकिरी दगडी कोळसा) सापडतं, म्हणजे एकेकाळी तिथं दाट झाडी आणि दलदल होती. पुढं झेलमेनं बारामुल्लाजवळ वाट कोरली, पाणी वाहून गेलं आणि सरोवराचा तळ उघडा पडला. नद्यानाल्यांनी तो चिरला. उरलेले उंच तुकडे म्हणजे आजचे करेवे.

नीलमत पुराणात सतीसर नावाच्या सरोवराची आणि ते रिकामं करवणाऱ्या कश्यप ऋषींची कथा आहे. भूशास्त्र आणि पुराणकथा इथं एकाच गोष्टीबद्दल बोलतात, हे वाचून कुणालाही आनंद व्हावा. मात्र सरोवर आटलं तो काळ आणि कथा रचली गेली तो काळ यांत फार मोठं अंतर आहे. तेव्हा कथेला 'आँखों देखा हाल' समजू नये.

शेतीच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो सगळ्यात वरचा थर. तो सरोवराचा नाही, वाऱ्याचा आहे. थंड, कोरड्या हिमयुगात वाऱ्यानं उडवून आणलेली बारीक धूळ करेव्यांच्या माथ्यावर साचली. या मातीला लोएस म्हणतात. पीर पंजालच्या बाजूला हा थर जाड आहे, हिमालयाच्या बाजूला पातळ. हातात घेतली तर पिठासारखी मऊ, पिवळट तपकिरी, चुन्याचा अंश असलेली माती.

मग करेव्याची माती सुपीक म्हणायची का?

काही पिकांसाठी उत्तम, काहींसाठी नाही. पोटॅश पुरेसं, चुना भरपूर, मुळांना खोल जायला जागा. दुसऱ्या बाजूला सेंद्रिय कर्ब कमी, चुन्यामुळे स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून राहतं, आणि काही ठिकाणी लोहाची कमतरता होऊन पानं पिवळी पडतात. पाऊस पडून ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो आणि बारीक बियाणं वर येईना होतं. उतारावर पाणी वाहू दिलं तर ही माती इतक्या सहज कापली जाते की दोन-चार पावसाळी वर्षांत घळ पडते. करेव्यांच्या कडांना दिसणाऱ्या खोल घळी अशाच पडलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. करेवा नदीपेक्षा उंच, म्हणून कालव्याचं पाणी आपोआप चढत नाही. मट्टनच्या करेव्यावर लिद्दर नदीचं पाणी कालव्यानं फिरवून आणलं गेलं आहे, पण बरेच करेवे पावसावर आणि बर्फावर अवलंबून आहेत. आता उपसा सिंचन आलं आहे. वीज असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो.

केशर पांपोरलाच का होतं?

केशराला हवं असलेलं सगळं तिथं एका जागी जुळून आलं आहे, म्हणून. पांपोर, लेथपोरा, ख्रिव, कोनिबल, चंधारा या गावांच्या करेव्यांवर पोयटायुक्त चिकणमाती आहे, निचरा चांगला, सामू (pH) उदासीन ते किंचित विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूचा.

केशराच्या कंदाचं वर्ष आपल्या पिकांच्या उलटं चालतं. उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपलेला दिसतो, पण आत फुलाची कळी तेव्हाच धरते आणि त्यासाठी त्याला ऊब लागते. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरमध्ये थोडी ओल मिळाली की तो जागा होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलं येतात. फुलानंतर बारीक पाती वाढतात, बर्फाखाली टिकतात, वसंतात नव्या कंदांना अन्न पुरवतात आणि एप्रिल-मेमध्ये वाळून जातात.

आता या वेळापत्रकाशेजारी माती ठेवून बघा. कंद वर्षानुवर्षं त्याच जागी राहतो. चार-पाच वर्षांनी काढून नव्यानं लावावेत अशी शिफारस आहे, पण बरेच शेतकरी दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ ते हलवत नाहीत. इतका काळ जमिनीत राहणाऱ्या कंदाजवळ पाणी साचलं की बुरशी लागते आणि कंद कुजतो. करेव्याची माती ओल धरते पण पाणी अडवत नाही. शिवाय शेतकरी छोटे चौकोनी उंचवटे करून त्यांच्या चारही बाजूंनी चर काढतात. पांपोरचं शेत वरून बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं ते त्या चरांमुळे. हे चर पाणी देण्यासाठी नसतात, जास्तीचं पाणी बाहेर काढण्यासाठी असतात.

एक ग्रॅम केशरासाठी दीडशेच्या आसपास फुलं लागतात. प्रत्येक फुलातून तीन तंतू, हातानं खुडलेले. हेक्टरी उत्पादन जेमतेम काही किलो. केशर महाग का, याचं उत्तर या तीन वाक्यांत आहे.

केशराचं क्षेत्र कमी होतंय हे खरं आहे का?

हो. १९९० च्या दशकात साडेपाच हजार हेक्टरांच्या पुढे असलेलं क्षेत्र आता चार हजारांच्या आत आलं आहे. कारणं अनेक आहेत. सप्टेंबरचा पाऊस हुलकावणी देतो, कंदकूज वाढते, साळिंदरं रात्री कंद उकरून खातात, श्रीनगर-जम्मू महामार्गालगतच्या जमिनींवर बांधकामं उभी राहतात, ख्रिव परिसरातल्या सिमेंट कारखान्यांची धूळ पिकावर बसते असं शेतकरी सांगतात. केशराच्या जमिनीचा वापर बदलायला मनाई करणारा कायदा २००७ मध्ये झाला. २०१० मध्ये राष्ट्रीय केशर अभियान सुरू झालं, त्यात जुने कंद बदलणं आणि तुषार सिंचनासाठी विंधनविहिरी ही मुख्य कामं होती. २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकनामुळे भाव मिळतो, भेसळीला थोडा आळा बसतो. त्याची गरज होतीच. पण ज्या जमिनीवर एकदा घर उभं राहिलं तिथं कितीही भाव आला तरी केशर परत येत नाही. म्हणून जमीन राखणं हे माझ्या लेखी पहिलं काम आहे, बाकी सगळं त्यानंतर.

महाराष्ट्रात केशर लावता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो.

उघड्या शेतात, व्यापारी पीक म्हणून, नाही. आपल्याकडे कंदाच्या विश्रांतीचा काळ म्हणजे ऐन पावसाळा. काळ्या जमिनीत तो कुजणार. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत वाचला तरी आपला हिवाळा तोकडा आणि दुपारी उबदार असतो. पाती लवकर वाळतात, नवे कंद बारीक राहतात, आणि आठ ग्रॅमपेक्षा हलक्या कंदाला सहसा फूल येत नाही. पहिल्या वर्षी फुलं दिसतात ती काश्मीरहून आलेल्या कंदात साठलेल्या अन्नावर. खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी होते.

बंद खोलीत तापमान आणि आर्द्रता सांभाळून, मातीशिवाय ट्रेमध्ये कंद फुलवणं शक्य आहे. पुण्यासह राज्यात काही जणांनी ते करून दाखवलं आहे. हिशेब मांडताना मात्र विजेचा खर्च, कंदांची किंमत आणि फुलानंतर कंद पुन्हा पोसण्याची सोय हे तिन्ही धरा. फुलं आली एवढ्यावर नफा ठरत नाही.

आणि 'अमेरिकन केशर' या नावानं महागडं बियाणं कुणी विकत असेल तर घेऊ नका. ती करडई असते. करडई आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं जुनं, चांगलं, कमी पाण्याचं पीक आहे. ते तेलासाठी खुशाल घ्या, केशराच्या भावाची आशा धरून नको.

शेतकरी मातीला काय म्हणतात? शास्त्रीय वर्गीकरण त्यांना माहीत असतं का?

शेतकऱ्यांचं स्वतःचं वर्गीकरण आहे आणि ते फार बारकाईचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमीन महसुलाची बंदोबस्त-मोजणी करणारे अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांनी गावोगाव फिरून ही नावं नोंदवून ठेवली.

गुर्टी म्हणजे चिकणमाती. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस कमी असलेल्या वर्षी भातासाठी सगळ्यात भरवशाची. पण पाऊस जास्त झाला की ती घट्ट बसते आणि उतारा घटतो. बहिल म्हणजे भरपूर कस असलेली दुमट जमीन. तिच्याबाबत धोका उलटा. खत जास्त पडलं तर भात नुसता पानात वाढतो आणि लोंब्या रिकाम्या राहतात. सेकिल म्हणजे वर हलकी दुमट आणि खाली वाळू. पाणी भरपूर असेल तर उत्पादन छान, पाणी कमी पडलं की पीक गेलं.

चौथा प्रकार दझनलद. ही बहुधा दलदलीजवळच्या सखल भागात असते. तिच्यात भात फार जोरानं वाढू लागला की पाणी वेळीच सोडून द्यावं लागतं. तेवढं साधलं तर पीक भरघोस येतं. या जमिनीत साचलेलं पाणी तांबूस होतं. त्याचं कारण लोह. पाण्याखाली हवा नसते, तेव्हा मातीतलं लोह विरघळतं आणि वर येऊन हवेशी गाठ पडताच गंजाच्या रंगाचं होतं.

करेव्यांवरची माती बहुतेक गुर्टीच. तिथं शेतकरी रंगावरून प्रत ठरवतात: काळपट सर्वांत चांगली, मग तांबूस, आणि पिवळी सगळ्यात खालची.

मला हे वर्गीकरण आवडतं कारण त्यात प्रत्येक मातीच्या गुणाबरोबर तिची खोड सांगितलेली आहे, आणि कोणत्या वर्षी कोणती जमीन दगा देईल हेही. प्रयोगशाळेच्या अहवालात सामू आणि नत्र असतं, पावसाच्या वर्षाचा विचार नसतो.

इतक्या थंडीत भात कसा पिकतो?

उन्हाळा चांगला गरम असतो म्हणून. एप्रिल-मेमध्ये रोपवाटिका, जूनच्या सुमारास लावणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी. पीर पंजाल मान्सूनला बराच अडवतो. श्रीनगरला वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस-बर्फ पडतो, पण त्यातला मोठा भाग हिवाळ्यात आणि वसंतात. म्हणून भात पावसावर नसतो, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर असतो. ते पाणी कुल नावाच्या छोट्या कालव्यांतून शेतात येतं.

झेलम आणि तिच्या उपनद्यांच्या गाळानं भरलेली सपाट जमीन भाताची. अनंतनाग, कुलगाम, पुलवामा, बारामुल्ला इथं ही खाचरं मैलोगणती पसरलेली दिसतात. वरच्या गावांत अडचण मातीची नसते, पाण्याच्या गारव्याची असते. बर्फाचं पाणी थेट खाचरात घेतलं तर दाणे भरत नाहीत. म्हणून पाणी लांबून फिरवून थोडं तापवून घेतात आणि थंडी सोसणारे वाण लावतात. साधारण २,००० ते २,२०० मीटरच्या वर भात थांबतो आणि मका सुरू होतो.

कोकरनागजवळच्या सागाम परिसरात मुश्क बुदजी नावाचा आखूड दाण्याचा सुवासिक भात होतो. करपा रोगामुळे तो जवळजवळ संपला होता. शास्त्रज्ञ आणि शेतकऱ्यांनी मिळून तो परत आणला आणि २०२३ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या आंबेमोहोराची चव जपणाऱ्या माणसाला याचं मोल सांगावं लागणार नाही.

भातानंतर त्याच जमिनीत मोहरी घेतात. एप्रिलमध्ये श्रीनगरच्या आसपास पिवळं दिसतं ते हेच.

भाताच्या जमिनीवर सफरचंदाच्या बागा होत आहेत. त्यात चूक काय?

शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर चूक काहीच नाही. सफरचंदाला पैसा आहे, भाताला नाही. देशातल्या सफरचंदांपैकी बहुतांश काश्मीरमधून येतात. वाशीच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात उतरणारी पेटी शोपियान, पुलवामा किंवा सोपोरची असण्याची शक्यता मोठी.

मातीच्या बाजूनं मात्र अडचण आहे. भाताच्या खाचरात वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते. पृष्ठभागाखाली एक घट्ट थर बसलेला असतो, पाणी खाली जाऊ नये म्हणूनच तो मुद्दाम घडवलेला. सफरचंदाला नेमकं तेच चालत नाही. मुळांशी पाणी साचलं की बुंधा कुजतो, मूळकूज लागते. शेजारच्या खाचरात भात असेल तर त्याचं पाणी बागेत झिरपतं, म्हणून एका शेतात बाग झाली की शेजाऱ्यालाही बागेकडे वळावंसं वाटतं.

ज्यांना वळायचंच आहे त्यांनी आधी खोल नांगरट करून तो थर फोडावा, चर काढावेत, गादीवाफ्यावर झाडं लावावीत. नव्या दाट लागवडीत खुज्या खुंटावरची झाडं असतात, त्यांची मुळं उथळ. त्यांना आधाराची तार, ठिबक आणि वेळच्या वेळी अन्न लागतं. जुनं उंच झाड स्वतःचं बघून घेत असे, हे घेत नाही.

सफरचंदाची खरी जागा करेव्यांच्या उतरणी आणि डोंगरपायथ्याच्या दुमट, निचऱ्याच्या जमिनी. बदामाला त्याहूनही कोरडी जागा चालते. पाणी न चढणारे करेवे म्हणूनच पूर्वी बदामाचे होते. अक्रोडाला खोल माती आणि थंड उतार लागतो. कुपवाडा, अनंतनागच्या डोंगरकडेला त्याची जुनी झाडं आहेत.

दलदलीच्या जमिनीचा शेतीला काही उपयोग होतो का?

होतो. झेलमच्या काठानं आणि वुलरच्या आसपास नंबल नावाची काळी, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली माती आहे. पाऊस बेताचा असेल त्या वर्षी तिच्यात मोहरी आणि मका विलक्षण येतात, तेही खताशिवाय. पाऊस जास्त झाला तर सगळं पाण्याखाली.

या जमिनींचं खरं काम शेतीपेक्षा मोठं आहे. पुराचं पाणी त्या पोटात घेतात. सप्टेंबर २०१४ च्या पुरात श्रीनगर बुडालं, त्यामागे मुसळधार पाऊस होताच, पण भराव टाकून बुजवलेल्या पाणथळ जागाही होत्या. होकरसर, वुलर, हायगाम या पाणथळींना आज रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता आहे.

अशाच ओल्या, गाळाच्या जमिनीत विलोची झाडं जोमानं वाढतात. अनंतनाग जिल्ह्यात संगम आणि बिजबेहाराच्या आसपास महामार्गाच्या दुतर्फा बॅटच्या फळ्या वाळत घातलेल्या दिसतात. महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत खेळणाऱ्या कितीतरी पोरांच्या हातातली 'काश्मिरी विलो' या मातीतून आलेली आहे.

दल सरोवरातली तरंगती शेतं खरी असतात का?

अगदी खरी. दोन प्रकार आहेत, आणि लोक त्यांत गल्लत करतात.

राद म्हणजे खरोखर तरंगणारा पट्टा. पाण्यातल्या पाणकणसासारख्या गवताची गुंतलेली मुळं कापून जाड चटई तयार करतात, तिच्यावर सरोवराच्या तळाचा गाळ आणि पाणवनस्पती थापतात, आणि खांब रोवून ती एका जागी बांधून ठेवतात. त्यावर काकडी, टोमॅटो, भोपळा. पाणी खालून मिळतं, खत गाळातून. खांब उपटून दुसऱ्याचं शेत रात्रीतून ओढून नेल्याच्या तक्रारी लॉरेन्स यांच्या काळातही होत्या.

डेंब म्हणजे उथळ पाण्यात गाळ आणि वनस्पती टाकून वर उचललेली पक्की जमीन. कडेनं विलो आणि पॉपलर लावून ती बांधलेली असते. हाक ही काश्मिरी पालेभाजी, नवलकोल, सलगम, पालक हे सगळं इथं होतं. पहाटे दलमध्ये होड्यांवर भरणारा भाजीबाजार या मालाचा.

मातीचा इतका चतुर वापर मी दुसरीकडे वाचलेला नाही. पण सरोवराचं क्षेत्र त्यामुळेच आक्रसत गेलं हेही खरं, म्हणून नव्या डेंबांना परवानगी नसणं योग्यच आहे.

उंच कुरणांवरची माती काळीभोर दिसते. तिथं शेती का करत नाहीत?

ती काळी दिसते कारण थंडीत पालापाचोळा आणि गवत फार सावकाश कुजतं, म्हणून सेंद्रिय भाग साचत राहतो. पण थर पातळ असतो, माती आम्ल असते आणि बर्फ नसलेले महिने मोजके. नांगर लावला तर पहिल्याच वसंतात माती ओढ्यात जाईल. गुज्जर-बकरवाल लोक तिथं उन्हाळ्यात जनावरं नेतात, आणि तोच त्या जमिनीचा योग्य उपयोग आहे.

त्याखालच्या कोरडवाहू पायथ्याला कंडी म्हणतात. मका आणि राजमा ही तिथली पिकं.

आपली काळी माती आणि काश्मीरची माती यांत काही साम्य आहे का?

एक अनपेक्षित साम्य आहे. काश्मीरमध्येही बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, आहे. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून पंजाल ट्रॅप नावाचा बेसाल्टचा थर तयार झाला. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खडक एकाच कुळातला असूनही काश्मीरमध्ये रेगूर, म्हणजे आपली काळी माती, तयार झाली नाही. आपल्याकडे उष्णता, ओला आणि कोरडा ऋतू यांच्या आळीपाळीनं बेसाल्टची फुगणारी चिकणमाती झाली, म्हणून ती उन्हाळ्यात भेगाळते. काश्मीरमध्ये थंडी, हिमनद्या आणि वारा यांनी खडक दळून इकडून तिकडे नेला. तिथल्या चिकणमातीत इलाइट हे खनिज जास्त, ती फारशी फुगत नाही.

माती परीक्षण काश्मीरमध्ये कधी सुरू झालं?

आधुनिक प्रयोगशाळा विसाव्या शतकातल्या. आज शालिमारचं शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठ, त्याचं पांपोरजवळ दुस्सूचं केशर संशोधन केंद्र आणि रंगरेथची केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्था यांचं काम महत्त्वाचं आहे. भातात जस्त, सफरचंदात बोरॉन आणि करेव्यावर सेंद्रिय कर्ब, एवढं तरी तपासून घ्यावं.

पण कल्पना फार जुनी आहे. नवव्या शतकात राजा अवंतीवर्म्याच्या पदरी सुय्य नावाचा अभियंता होता. त्यानं बारामुल्लाजवळ झेलमच्या पात्रातले दगड काढून पाण्याला वाट दिली, बांध घातले, जमीन पुरातून सोडवली. कल्हणाच्या राजतरंगिणीत त्याचं आणखी एक काम सांगितलं आहे. त्यानं गावागावांतून माती आणवली, ती भिजवली, कोणती किती दिवसांत वाळते ते पाहिलं आणि त्यावरून प्रत्येक गावाला पाण्याची पाळी ठरवून दिली. तांदळाची खारी (धान्याचं जुनं माप) २०० दिनारांवरून ३६ दिनारांवर आली असं कल्हण लिहितो. सोपोर हे गाव त्याच्या नावावरूनच सुय्यपूर.

अकराशे वर्षांपूर्वी पाणीवाटपाचा निर्णय मातीला विचारून घेतला गेला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

करेवे खोदले जात आहेत, त्यानं एवढं काय बिघडतं?

काझीगुंड-बारामुल्ला रेल्वेमार्गाच्या भरावासाठी, पुढं रस्त्यांसाठी आणि वीटभट्ट्यांसाठी करेव्यांची माती मोठ्या प्रमाणावर उचलली गेली. रेल्वे आणि रस्ते लोकांना हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण वरचा लोएसचा थर काढला की खाली सरोवराच्या तळाची घट्ट, सेंद्रिय अंश नसलेली चिकणमाती उघडी पडते. तिच्यात केशर येत नाही, बदाम येत नाही. उभे कापलेले कडे पावसात ढासळतात. शिवाय या थरांत लाखो वर्षांच्या हवामानाची नोंद आहे. बुर्झाहोमची नवाश्मयुगीन वस्ती, खड्ड्यांतली घरं करून राहणाऱ्या माणसांची, तीही करेव्यावरच सापडली.

भरावाची माती दुसरीकडून आणायला जास्त पैसे लागतात. तो खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. तो धरला जात नाही तेव्हा ती रक्कम शेतकऱ्याच्या जमिनीतून वसूल होते.

काश्मीरला गेल्यावर हे सगळं कुठं बघता येईल?

श्रीनगरहून अनंतनागकडे जाणारा एकच रस्ता धरला तरी बरंच दिसतं. पांपोर आणि लेथपोऱ्याला रस्त्यालगत केशराची शेतं. फुलं हवी असतील तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. एरवी तिथं नुसते मातीचे चौकोन असतात, तेही बघण्यासारखे. पुढं अवंतीपोऱ्याला करेव्याचा कापलेला कडा दिसतो, थर डोळ्यांनी मोजता येतात. संगमला बॅटच्या फळ्या. मट्टनला मार्तंड मंदिराच्या अवशेषांपाशी उभं राहिलात तर पायाखाली करेवा आणि खाली लिद्दरच्या काठची भाताची खाचरं एकाच वेळी नजरेत येतात. केशराच्या शेतात उतरायचं असेल तर मालकाला विचारा आणि चरातूनच चाला. उंचवट्यावर पाय दिला की माती दबते आणि कोंब वर यायला अडतो.